रात्र झाली की गेममध्ये काहीच दिसत नाही: दोष स्क्रीनचा की गेमचा?

दर काही दिवसांनी कुणी ना कुणी हाच प्रश्न विचारतं. माइनक्राफ्ट असो, सेव्हन डेज टू डाय असो की डे-झी, दिवसा सगळं झकास चालतं आणि गेममधला सूर्य मावळला की समोर नुसता काळा पडदा. मग ब्राइटनेस शंभरावर नेली जाते, मॉनिटरची सगळी बटणं दाबून होतात, एखादा मॉड (गेममध्ये बदल करणारी जोड) टाकला जातो. चार दिवस बरं चालतं आणि पुन्हा तीच तक्रार. बहुतेक वेळा झालेलं असतं ते असं, की आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. अंधार नेमका कुठून येतोय हे न बघताच उपाय केलेला असतो.

अंधार तीन ठिकाणांहून येतो. एक, गेम बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेला. दोन, गेमच्या किंवा विंडोजच्या एखाद्या सेटिंगमुळे आलेला. तीन, चित्र ग्राफिक्स कार्डातून नीट निघालं पण वायर, मॉनिटर किंवा टीव्हीने त्याची वाट लावली. तिन्हींची लक्षणं वरवर सारखी दिसतात, उपाय मात्र पूर्ण वेगळे आहेत. म्हणून आधी निदान करा आणि मगच सेटिंगला हात लावा.

स्क्रीनशॉट काढून फोनवर बघा

जिथे काही दिसत नाही त्याच जागी, त्याच वेळी उभे राहा आणि स्क्रीनशॉट काढा. माइनक्राफ्टमध्ये एफ२, स्टीमवरच्या गेममध्ये एफ१२. तो फोनवर पाठवा. व्हॉट्सॲपने पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको, कारण फोटो दाबून लहान करताना सगळ्यात आधी काळ्या भागातले बारकावेच जातात. आता फोनची ब्राइटनेस अर्ध्याच्या वर ठेवून ते चित्र बघा.

फोनवर झाडं, जमीन, भिंतीची कड ओळखू येते आणि मॉनिटरवर येत नाही? मग गेमचं काही चुकलेलं नाही. चित्र कार्डातून बाहेर पडल्यानंतर बिघडतंय, दोष वायरीपासून पुढे शोधा. फोनवरही तितकाच काळोख आहे? मग गेमची सेटिंग बघायची, किंवा तो अंधार मुद्दाम ठेवलेला आहे असं समजायचं.

या चाचणीला दोन अपवाद आहेत. विंडोजमध्ये एचडीआर (उजेड-अंधाराची जास्त मोठी कक्षा दाखवणारा मोड) चालू असेल तर स्क्रीनशॉटचे रंग विचित्र येतात, म्हणून आधी विंडोज, ऑल्ट आणि बी ही तीन बटणं एकत्र दाबून एचडीआर बंद करा. आणि ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनलमधून गॅमा (मधल्या आणि गडद छटा किती उजळ दिसाव्यात हे ठरवणारं सेटिंग) वाढवलेला असेल तर तो स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही. तोही मूळ जागी आणून मगच चाचणी करा.

फोनवर दिसतं, मॉनिटरवर दिसत नाही

इथे सगळ्यात जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार म्हणजे एचडीएमआयची रेंज. कॉम्प्युटरच्या चित्रात काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५. टीव्हीच्या जगात मात्र जुन्या प्रथेप्रमाणे काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात. पहिल्या पद्धतीला फुल म्हणतात, दुसरीला लिमिटेड. कार्ड फुल पाठवतंय आणि पडद्याची समजूत लिमिटेडची आहे, असं झालं की ० ते १६ मधल्या सगळ्या छटा एकाच सपाट काळ्यात बुडतात. दिवसाच्या दृश्यात हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तिथे इतक्या खालच्या छटा फारशा नसतातच. सर्व्हायव्हल गेममधली रात्र मात्र जवळपास सगळी त्याच पट्ट्यात रंगवलेली असते. म्हणूनच 'बाकी सगळं नीट आहे, फक्त रात्रीच दिसत नाही' अशी तक्रार येते. लॅपटॉप हॉलमधल्या टीव्हीला जोडून खेळणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो.

खात्री करायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. पेंट उघडा, सगळा कागद काळा करा. मग एडिट कलर्समध्ये जाऊन लाल, हिरवा, निळा तिन्हींना ४ हा आकडा देऊन एक चौकोन भरा. शेजारी ८ चा, मग १२, १६, २० आणि २४ चा. खोलीतला दिवा बंद करा आणि कुठल्या चौकोनापासून दिसायला लागतं ते बघा. नीट जुळलेल्या पडद्यावर ८ चा चौकोन पुसटसा तरी दिसायला हवा. १६ पर्यंत सगळं काळं आणि २० पासून एकदम दिसायला लागलं, तर रेंजचाच घोळ आहे, दुसरं काही शोधत बसू नका.

उपाय सोपा आहे. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये चेंज रिझोल्यूशनच्या पानावर खाली 'युज एनव्हिडिया कलर सेटिंग्ज' निवडा आणि आउटपुट डायनॅमिक रेंज फुल करा. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेखाली पिक्सेल फॉरमॅट असतो, तिथे आरजीबी ४:४:४ फुल. टीव्ही असेल तर त्याच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ब्लॅक लेव्हल किंवा एचडीएमआय ब्लॅक लेव्हल अशा नावाचा पर्याय शोधा. नाव कंपनीगणिक बदलतं, म्हणून पेंटमधले चौकोन समोर ठेवून दोन्ही पर्याय लावून बघा. बऱ्याच टीव्हींवर त्या एचडीएमआय पोर्टला 'पीसी' असं नाव दिलं की तो आपणहून फुल स्वीकारायला लागतो. प्लेस्टेशन ५ वर हेच सेटिंग व्हिडिओ आउटपुटमध्ये आरजीबी रेंज या नावाने आहे. दोन्ही टोकं एकाच पद्धतीवर हवीत, एवढंच लक्षात ठेवा. कार्ड लिमिटेड आणि पडदा फुल असा उलटा घोळ झाला तर काळ्याच्या जागी राखाडी धुकं दिसतं. ते पाहून 'आता उजेड झाला' असं वाटतं, पण तेही चूकच.

दुसरा गुन्हेगार लॅपटॉपमध्ये असतो आणि तो जास्त लबाड आहे. गुहेत शिरलात, पाच-दहा सेकंद सगळं ठीक, मग चित्र हळूहळू मंद होत जातं. इन्व्हेंटरी उघडली की पुन्हा उजळतं. बंद केली की पुन्हा मंद. हा गेमचा दोष नाही. बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉप पडद्यावरचं चित्र बघून मागचा दिवा कमी-जास्त करत असतो. चित्र काळं दिसलं की त्याला वाटतं, इतका उजेड कशाला हवा. पुष्कळ लॅपटॉपवर हे फक्त बॅटरीवर असताना चालू होतं, त्यामुळे चार्जर लावून तपासलं की दोष सापडतच नाही. लोडशेडिंगच्या काळात, किंवा संध्याकाळी वीज गेली की मगच, ही तक्रार का येते याचं उत्तर इथे आहे.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले असं जाऊन ब्राइटनेसच्या ओळीपुढचा बाण उघडा. तिथे चित्रानुसार ब्राइटनेस बदलण्याचा पर्याय आहे, तो ऑफ करा. तेवढ्याने भागलं नाही तर इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये पॉवरच्या पानावर डिस्प्ले पॉवर सेव्हिंग बंद करा. एएमडीच्या लॅपटॉपवर याच गोष्टीला व्हॅरी-ब्राइट म्हणतात. टीव्हीवर इको मोड, लाइट सेन्सर आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट ही त्याचीच भावंडं, खेळताना तिन्ही बंद ठेवा. फोनवर खेळत असाल तर ऑटो ब्राइटनेस आणि बॅटरी सेव्हर बघा. अँड्रॉइड १२ पासून एक्स्ट्रा डिम नावाचं एक सेटिंग आलंय, ते रात्री वाचायला चालू केलेलं तसंच राहून जातं आणि मग दोष गेमच्या माथी येतो.

नाइट लाइट किंवा एफ-लक्ससारखे निळा प्रकाश कमी करणारे फिल्टरही तपासा. बहुतेक गेममधली रात्र निळसर रंगवलेली असते, आणि फिल्टर नेमका तो निळाच काढून घेतो. म्हणजे आधीच मंद असलेल्या चित्रातला जो काही उजेड होता, त्यातला मोठा वाटा जातो. हे फिल्टर सूर्यास्ताला आपोआप चालू होत असल्याने 'दुपारी गेममधली रात्र दिसते, रात्री गेममधली रात्र दिसत नाही' असं चमत्कारिक वर्णन ऐकायला मिळतं. खेळायला बसताना फिल्टर बंद करा.

एचडीआरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मॉनिटर स्वस्तातला असेल, त्याला काळा भाग वेगळा मंद करण्याची सोय नसेल, तर त्याचं एचडीआर बंदच ठेवा. साधे गेम एचडीआर मोडमध्ये चालवले की विंडोज सावल्यांसाठी थोडा वेगळा वक्र वापरतं आणि काळोख दुधाळ दिसतो. काही मॉनिटर तर त्या मोडमध्ये आपलं ब्राइटनेसचं बटणच कुलूपबंद करतात. चांगला ओलेड किंवा मिनी-एलईडी पडदा असेल तर गोष्ट वेगळी. मग विंडोजचं एचडीआर कॅलिब्रेशन ॲप एकदा शांतपणे चालवा आणि नंतर गेममधलं एचडीआर सेटिंग लावा, याच क्रमाने.

ब्राइटनेस वाढवायची की गॅमा?

हा फरक समजला तर निम्मी डोकेदुखी जाते. मॉनिटरच्या बटणांवरची ब्राइटनेस म्हणजे पडद्यामागचा दिवा. तो वाढवला की काळं, पांढरं, मधलं, सगळंच उजळतं. सावल्यांमधला फरक वाढत नाही, काळं मात्र करडं होतं आणि डोळे लवकर थकतात. गॅमा मधल्या आणि खालच्या छटा उचलतो. काळा काळाच राहतो, पांढरा पांढराच.

आकड्यात बघा. पडद्याचा नेहमीचा गॅमा २.२ असतो. चित्रातली १० टक्क्यांची छटा त्यात पूर्ण उजेडाच्या जेमतेम ०.६ टक्के प्रकाश देते. गॅमा १.८ केला की तीच छटा १.६ टक्क्यांवर जाते, म्हणजे अडीचपट. ५० टक्क्यांची छटा मात्र २२ वरून २९ टक्क्यांवर जाते, सव्वापटीच्या थोडं वर. म्हणजे गॅमा थोडासा हलवला तरी कोपऱ्यातला झॉम्बी दिसायला लागतो आणि आकाश फार पांढरं होत नाही. बेनक्यूच्या मॉनिटरवर ब्लॅक इक्वलायझर आणि आसुसवर शॅडो बूस्ट नावाचे पर्याय असतात, तेही मुख्यतः खालच्या छटाच उचलतात. एक-दोन पायऱ्या पुरे. शेवटच्या पायरीला नेलं की सगळं धुरकट होतं आणि अंतराचा अंदाजच लागत नाही.

कॅलिब्रेशनची वेळही महत्त्वाची. गेम पहिल्यांदा चालू केल्यावर 'चिन्ह जेमतेम दिसेपर्यंत सरकवा' असा जो पडदा येतो, तो आपण भर दुपारी, खिडकी उघडी असताना झटकन पार करतो. ज्या उजेडात खेळता त्याच उजेडात तो पुन्हा करा. तुमच्या पाठीमागे ट्यूबलाइट असेल तर तिचं प्रतिबिंब काचेवर पडतं आणि मॉनिटर कितीही चांगला असला तरी खालच्या छटा त्या प्रतिबिंबाखाली झाकल्या जातात. दिवा मॉनिटरच्या मागच्या भिंतीवर पडेल असा ठेवा, पांढऱ्या प्रकाशाचा, मंद. पूर्ण अंधारात खेळायचं असेल तर डोळ्यांना वेळ द्या. अंधाराला पूर्ण सरावायला माणसाच्या डोळ्याला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि मध्येच फोनचा पांढरा पडदा बघितला की त्यातलं बरंचसं वाया जातं.

स्लायडर हलवूनही काहीच फरक पडत नसेल तर गेम खिडकीत चालतोय का ते बघा. बरेच जुने गेम चित्र न बदलता पूर्ण पडद्याचा गॅमा बदलतात, आणि तो बदल फक्त खऱ्या फुलस्क्रीनमध्ये लागू होतो. बॉर्डरलेस विंडोमध्ये स्लायडर फक्त शोभेला उरतो. फुलस्क्रीन करा, लावा, मग हवं तर परत या. असा गेम मध्येच क्रॅश झाला तर डेस्कटॉपही पांढुरका पडलेला राहतो. घाबरू नका. गेम पुन्हा उघडून नीट बंद करा किंवा साइन आउट करून परत या.

माइनक्राफ्ट

सगळ्यात जास्त प्रश्न याचेच येतात, म्हणून इथे थोडा जास्त वेळ थांबतो.

ऑप्शन्समध्ये व्हिडिओ सेटिंग्जखाली ब्राइटनेसचा स्लायडर आहे, मूडीपासून ब्राइटपर्यंत. तो ब्राइटवर नेला की उघड्यावरची रात्र बऱ्यापैकी दिसते. बंद गुहा तरीही अंधारीच राहते, आणि ती तशीच राहावी अशी योजना आहे. पूर्वी ऑप्शन्सच्या टेक्स्ट फाइलमध्ये गॅमाच्या पुढे १००० सारखा आकडा लिहून सगळी गुहा दिवसासारखी करता येत असे. १.१९ पासून हा मार्ग बंद झाला, ० ते १ च्या बाहेरचा आकडा गेम मानत नाही. जुने व्हिडिओ बघून तासन् तास ती फाइल उघड-बंद करणारे अजून भेटतात. ते सोडून द्या. शेडर (गेममधला प्रकाश आणि सावल्या बदलणारी जोड) वापरत असाल तर गेमच्या स्लायडरऐवजी शेडरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जा, रात्रीचा उजेड बहुधा तिथे ठरतो.

आता मुद्द्याची गोष्ट. माइनक्राफ्टमध्ये पडद्यावर किती दिसतं आणि गेमच्या हिशेबात किती उजेड आहे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक ठोकळ्याला ० ते १५ असा उजेडाचा आकडा असतो. तुमचा स्लायडर, तुमचा मॉनिटर, तुमचा मॉड, यातलं काहीही तो आकडा बदलत नाही. ब्राइटनेस पूर्ण करून तुम्हाला अंगण लख्ख दिसत असेल, तरी गेमच्या लेखी तिथे शून्य उजेड असू शकतो आणि क्रीपर हा राक्षस उभा राहू शकतो. 'मला तर सगळं दिसतंय, मग घरात झॉम्बी आला कुठून' याचं उत्तर हेच. हातात मशाल धरली की उजेड पडतो असे मॉड आहेत, तो उजेडही फक्त डोळ्यांसाठी असतो. राक्षस रोखायचे तर मशाल जमिनीवर किंवा भिंतीवर लावलेलीच हवी.

किती मशाली लावायच्या? मशालीचा उजेड १४, कंदील आणि ग्लोस्टोनचा १५, सोल टॉर्चचा १०, रेडस्टोन टॉर्चचा फक्त ७. मशालीपासून एकेक ठोकळा लांब गेलं की आकडा एकाने उतरतो, आणि तिरकं अंतर मोजताना आडवं अधिक उभं असं मोजतात. १.१८ च्या आधी उजेड ७ किंवा कमी असला की राक्षस उपजत, त्यामुळे मशाली दाटीने लावाव्या लागत. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या १.१८ पासून ओव्हरवर्ल्डमध्ये, म्हणजे गेमच्या नेहमीच्या जगात, मशाली-दिव्यांचा उजेड पूर्ण ० असला तरच ते उपजतात. हिशेब करा: मशालीपासून १३ ठोकळ्यांवर आकडा १ असतो, म्हणजे तिथपर्यंत निर्धास्त. सरळ बोगद्यात एकाच पातळीवर दोन मशालींमध्ये २६ ठोकळे सोडले तरी चालतं. मोकळ्या सपाट जागेत तिरक्या अंतरामुळे तितकं ताणू नका, दोन्ही दिशांना दर १२ ठोकळ्यांवर एक मशाल लावली की एकही काळा कोपरा उरत नाही. मध्ये भिंत, खांब किंवा झाड असेल तर त्यामागे वेगळी मशाल.

शंका असेल तिथे उभं राहून एफ३ दाबा. लॅपटॉपवर बहुधा एफएन धरून दाबावं लागतं. उजेडाच्या ओळीत स्काय आणि ब्लॉक असे दोन आकडे दिसतात. रात्रीसाठी बघायचा तो ब्लॉकचा. तो ० असेल तर तिथे मशाल हवी, पडद्यावर कितीही लख्ख दिसत असलं तरी.

रात्र टाळायची असेल तर पलंग आहेच. पूर्ण दिवस २० मिनिटांचा: १० मिनिटं उजेड, दीड मिनिट संध्याकाळ, ७ मिनिटं रात्र आणि दीड मिनिट पहाट. संध्याकाळ सुरू होऊन अर्धं मिनिट होतंय तोच झोपता येतं, पूर्ण काळोखाची वाट बघायची गरज नाही. तीन दिवस, म्हणजे आपल्या घड्याळातला एक तास, न झोपता काढला तर रात्री फँटम हे उडते राक्षस येऊ लागतात. मित्रमंडळींच्या सर्व्हरवर सगळे एकाच वेळी झोपायला तयार नसतात. तिथे १.१७ पासून किती टक्के खेळाडू झोपले की रात्र सरावी हे ठरवणारा गेमरूल आहे. तो कमी केला की एकाच्या झोपेवर सगळ्यांची सकाळ होते. सर्व्हर चालवणाऱ्याने पहिल्याच दिवशी हे करून टाकावं, अर्धे वाद तिथेच मिटतात.

पाण्याखाली किंवा मोठ्या गुहेत रीतसर दिसायला हवं असेल तर नाइट व्हिजनचं औषध करा. नेदर वॉर्टपासून ऑकवर्ड पोशन, त्यात सोनेरी गाजर. ३ मिनिटं टिकतं, रेडस्टोन घातलं की ८. हाच गेमने दिलेला सरळ मार्ग आहे आणि कुठल्याही सर्व्हरवर त्याला कुणी हरकत घेत नाही.

आणि एक खास तक्रार: 'ब्राइटनेस पूर्ण आहे तरी काळोख लाटेसारखा येतो आणि जातो.' तुम्ही डीप डार्क या जमिनीखालच्या खोल प्रदेशात आहात. २०२२ मध्ये आलेल्या १.१९ पासून तिथे स्कल्क श्रीकर आणि वॉर्डन डार्कनेस हा परिणाम लावतात, आणि त्यावर ब्राइटनेसचा स्लायडर चालत नाही. लाटांमुळे गरगरत असेल तर ॲक्सेसिबिलिटीमध्ये डार्कनेस पल्सिंग कमी करता येतं. बाकी तिथे वाकून, आवाज न करता चालायचं.

जिथे अंधार हाच नियम आहे

डोन्ट स्टार्व्हमध्ये तर स्क्रीन उजळवून काहीच साधत नाही. तिथे पूर्ण अंधारात उभं राहिलात की आधी इशाऱ्याचा आवाज येतो आणि मग चार्ली नावाची अदृश्य शत्रू वार करते. मॉनिटर कितीही उजळ करा, गेम फक्त तुमच्याजवळ उजेड देणारी वस्तू आहे का ते बघतो. एक दिवस ८ मिनिटांचा, आणि मशाल जेमतेम सव्वा मिनिट जळते. म्हणून संध्याकाळचा रंग बदलू लागताच शेकोटीचं गवत-लाकूड हाताशी आहे का ते बघायचं आणि मशाल फक्त वाटेसाठी राखून ठेवायची. नव्या खेळाडूंची पहिली रात्र बहुतेक इथेच संपते.

सेव्हन डेज टू डायमध्ये मूळ सेटिंगला रात्र २२:०० ते ४:०० अशी असते. एक दिवस आपल्या ६० मिनिटांचा धरला तर ती १५ मिनिटांची झाली. त्या वेळात झॉम्बी चालत नाहीत, धावतात, आणि दर सातव्या रात्री ब्लड मून, म्हणजे झॉम्बींचा मोठा हल्ला. तिथे मशाल हातात धरली की तुम्हाला दिसतं, पण तुम्हीही दिसता, लपून जाण्याच्या हिशेबात तो उजेड धरला जातो. म्हणून गॅमा थोडा वाढवून, मशाल विझवून, वाकून चालणं हेच जास्त उपयोगी. दिवसाचा उजेड किती तास ठेवायचा हे नवं जग बनवताना ठरवता येतं. एकटे खेळत असाल आणि रात्र नकोशी वाटत असेल तर ते तास वाढवा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

सर्व्हर तुमचा असेल तर

खेळाडूंनी स्वतःच्या मॉनिटरशी झटापट करण्यापेक्षा सर्व्हरवरच रात्र नीट लावलेली बरी. डे-झीच्या सर्व्हरच्या सीएफजी फाइलमध्ये लाइटिंग कॉन्फिग नावाची ओळ असते. ० म्हणजे उजळ रात्र, १ म्हणजे गडद. डिसेबल पर्सनल लाइट ही ओळ ० ठेवली की प्रत्येक खेळाडूभोवती अगदी मंद उजेड राहतो, पायाखालचं तरी दिसतं. रात्र लहान करायची तर दोन ओळी एकत्र वापरा. काळाचा वेग ४ ठेवला की २४ तास आपल्या ६ तासांत जातात. त्यावर रात्रीचा वेग ३ ठेवला की दोन्हींचा गुणाकार होतो, रात्र १२ पटीने धावते आणि ८ तासांची रात्र ४० मिनिटांत सरते. इतकी रात्र पुरेशी भीतीदायक असते आणि लोक सर्व्हर सोडूनही जात नाहीत.

आर्क: सर्व्हायव्हल इव्हॉल्व्ह्डमध्ये टॅब दाबून कन्सोलमध्ये गॅमा आणि पुढे ३ असं लिहिलं की रात्र उजळते, २.२ लिहिलं की पूर्ववत. तुमच्याकडे ही आज्ञा चालत नसेल तर सर्व्हर पीव्हीपी (खेळाडू विरुद्ध खेळाडू) असेल, तिथे मालकाने मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय ती चालत नाही. पीव्हीई (खेळाडू विरुद्ध गेम) सर्व्हरवर ती बंद करण्याची वेगळी ओळ आहे. रात्र लवकर संपवायला नाइट टाइम स्पीड स्केल १ च्या वर न्या.

एकमेकांविरुद्ध खेळताना गॅमा किती वाढवावा, यावर नेहमी भांडण होतं. मला विचाराल तर आपला पडदा पेंटच्या चौकोनांवर एकदा नीट लावावा आणि तिथेच थांबावं. कार्डाच्या कंट्रोल पॅनलमधून रात्रीचा दिवस करणारा खेळाडू सर्व्हरला ओळखता येत नाही हे खरं, पण समोरचा माणूस कंदील विझवून झुडपात बसलेला असतो तो खेळाच्या नियमावर विश्वास ठेवूनच. ज्यांना कमी उजेडात खरोखर कमी दिसतं, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी जितका हवा तितका उजेड घ्यावा आणि कुणी त्यावरून बोलू नये.

एवढं करूनही जमलं नाही तर

पॅनेल बघा. लॅपटॉपचा पडदा थोडा पुढे-मागे कलवा. कलवताना सावल्या एकदम उजळत किंवा बुडत असतील तर ते टीएन प्रकारचं पॅनेल आहे. त्याला नजरेच्या अगदी समोर ठेवण्यावाचून इलाज नाही. व्हीए प्रकारच्या पॅनेलवर कॅमेरा फिरवताना काळ्या भागात शाई पसरल्यासारखे डाग ओढले जातात. मॉनिटरच्या ओव्हरड्राइव्हची (ठिपके किती झटपट रंग बदलतात हे ठरवणारं सेटिंग) एक पायरी वाढवून ते थोडे कमी होतात, पूर्ण जात नाहीत.

कुणाला मदत मागणार असाल तर सुरुवातीलाच एवढं सांगा: गेम आणि त्याची आवृत्ती, कार्ड कुठलं, पडदा कुठला, वायर एचडीएमआय की डिस्प्लेपोर्ट, लॅपटॉप असेल तर त्रास चार्जरवर होतो की बॅटरीवर, एचडीआर चालू की बंद, आणि पेंटमध्ये कितव्या आकड्याचा चौकोन पहिल्यांदा दिसला. सोबत तो स्क्रीनशॉट जोडा, आणि त्याच क्षणी मॉनिटरचा फोनने काढलेला फोटोही.